शेजारची शाळा



चालकांनी आम्हांस पत्र धाडले त्यात विषय असा कळविला होता : ‘राष्ट्रीय शिक्षण – गुणवत्ता आणि समता’. विषय मोठा आहे. इतका मोठा की, त्यावर बोलू लागलेला मनुष्य हटकून जमिनीवरून चार बोटे वर चालू लागतो. म्हणून चालकांच्या संमतीने आम्ही तो लहान करून घेतला आहे. आपण घरून या पटांगणात यायला निघालात, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांच्या वाटेत नगरपालिकेची एखादी शाळा लागली असेल. कौलारू किंवा सिमेंटच्या पत्र्याची, समोर कडुलिंबाचे झाड, भिंतीवर सुविचार. ती आपल्या घराला सर्वांत जवळची शाळा. तरीही त्या शाळेत आपले मूल नाही. का नाही, आणि त्याने देशाचे काय बिघडले, एवढ्याच प्रश्नाभोवती आजचे व्याख्यान फिरणार आहे.

आधी आमची कबुली. दुसऱ्याच्या दोषावर बोलायचे, तर स्वतःचा पाट आधी मांडलेला बरा. आम्ही अशाच एका शाळेत चौथीपर्यंत शिकलो. आमच्या वर्गात कचेरीतल्या अव्वल कारकुनाचा मुलगा होता, एका डॉक्टरांची मुलगी होती, कासाराचा, न्हाव्याचा, हमालाचा आणि झाडूवालीचाही मुलगा होता. तेव्हा समता नांदत होती असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पाण्याच्या माठाजवळ काय चाले, कोणाला कोठे बसवीत, हे आम्ही पाहिलेले आहे. पण मास्तर एक होते, फळा एक होता, आणि मास्तर आठ दिवस आले नाहीत तर डॉक्टर स्वतः शाळेत येऊन विचारीत. त्या विचारण्याचा लाभ हमालाच्या मुलालाही मिळे. पुढे आमच्या मुलांची वेळ आली तेव्हा आम्ही त्यांना खाजगी शाळेत घातले, आणि नातवाला तर इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. कोणी सक्ती केली नव्हती. आळीतले सारे तसेच करीत होते. आता त्या जुन्या शाळेत मास्तर आठ दिवस आले नाहीत तर विचारायला कोण जाते? ज्यांची मुले तेथे आहेत त्या बाया सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामाला बाहेर पडलेल्या असतात.

हा प्रश्न नवा नाही. प्राथमिक शिक्षणाचा पैसा कोठून येतो आणि कोणावर खर्च होतो, हे या देशात पहिल्याने खडसावून विचारले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, हे त्या निवेदनाचे मर्म. वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, अशी त्या काळच्या सरकारची श्रद्धा होती. तिचा समाचार त्यांनी घेतला. पण आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्या निवेदनातील बारकावा. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा. मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे धडे ठेवा. शिक्षक शेतकरी वर्गातूनही तयार करा. आणि शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार देऊ नका. समता मागताना जोतीरावांनी त्याच कागदावर गुणवत्तेची मागणी केली होती, आणि गुणवत्ता मागताना मास्तराचा पगार किती असावा हा आकडाही लिहिला होता. पुढच्या काळात या दोन मागण्या वेगवेगळ्या माणसांच्या हाती गेल्या आणि तेथेच घोटाळा झाला, असे आमचे मत आहे.

नामदार गोखल्यांचे विधेयक आपल्याला ठाऊक आहेच. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी ते मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. किती सौम्य होते ते! ज्या गावच्या लोकल बोर्डाला किंवा म्युनिसिपालिटीला वाटेल तिने, सरकारची संमती घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावी. ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी घेऊ नये. एवढेच. तेही १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारने पैशाची अडचण सांगितली. पण विरोध करणाऱ्यांत एतद्देशीय बडे लोक आणि जमीनदारही होते, हे आपण सोयिस्करपणे विसरतो. जे इंग्रज सरकारला परवडत नव्हते ते बडोद्याला सयाजीरावांना परवडले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. कोल्हापूरला शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. पैशाची अडचण बहुधा इच्छेच्या अडचणीचे दुसरे नाव असते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांची मुदत घातली : चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण. मुदत १९६० मध्ये संपली आणि काम राहिले. शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून घटनेत शिरला तो २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने, त्याचा कायदा झाला २००९ मध्ये आणि अंमल सुरू झाला १ एप्रिल २०१० पासून. गोखल्यांच्या विधेयकापासून मोजले तर शतकाला एकच वर्ष कमी.

या मधल्या काळातील एक प्रकरण आम्हांस आज जरा सविस्तर सांगायचे आहे. १९६४ च्या जुलैमध्ये भारत सरकारने डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या कामातून तावून सुलाखून निघालेले. आयोगाचा अहवाल जून १९६६ मध्ये आला. तो जाडजूड ग्रंथ आज वाचतो कोण? पण त्यात एक कल्पना आहे, तिचे नाव ‘शेजारशाळा’ असे आम्ही करतो. प्रत्येक शाळेला तिचा परिसर नेमून द्यावा. त्या परिसरातील प्रत्येक मुलाने, मग ते कलेक्टरचे असो की कोळशाच्या वखारीवरील मजुराचे, त्याच शाळेत जावे. तेथे फी नसावी. वीस वर्षांत क्रमाक्रमाने अशी समान शाळा देशभर उभी करावी.

आयोगाने याला दोन कारणे दिली होती. पहिले सोपे आहे. सामान्य माणसाच्या मुलांबरोबर राहणे हा चांगल्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि ते ज्याला मिळाले नाही त्या श्रीमंताच्या मुलाचे शिक्षण अपुरे राहिले. ऐकायला गोड, पण आपल्यापैकी कोणी एवढ्यासाठी मुलाची शाळा बदलील असे आम्हांस वाटत नाही. दुसरे कारण मात्र व्यवहारी आहे. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांची मुले सरकारी शाळेत असली, तर ती शाळा सुधारण्याची निकड त्यांना भासेल. आमच्या बालपणीचे डॉक्टर येऊन विचारीत, तेच हे. शहाणी माणसे एखादी संस्था सोडून गेली की ती संस्था दोनदा मरते : एकदा त्यांची मुले जातात म्हणून, आणि पुन्हा एकदा त्यांची तक्रार जाते म्हणून.

मग झाले काय? १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समान शाळेला होकार दिला. १९८६ च्या धोरणानेही दिला. पण त्याच १९८६ च्या धोरणातून जिल्ह्याला एक याप्रमाणे नवोदय विद्यालये निघाली, ज्यांत परीक्षा घेऊन निवडक मुले घ्यायची. त्याआधी १९६३ पासून बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालये होतीच. अलीकडे २०२२ मध्ये साडेचौदा हजार शाळा निवडून त्या आदर्श करण्याची योजना आली. या शाळांतून खेड्यातली हुशार मुले वर आली हे आम्ही नाकारीत नाही; नवोदयने किती तरी घरांत पहिला पदवीधर दिला. पण एका हाताने ‘सर्वांची शाळा’ असे लिहायचे आणि दुसऱ्या हाताने चाळणी धरायची, हा आपल्या धोरणाचा जुना छंद आहे. चाळणीच्या वर राहिलेल्यांचे फोटो छापतात. खाली गेलेले कोठे जातात?

नाईकांनी पुढे १९७५ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच त्यांनी समता, गुणवत्ता आणि विस्तार यांचा एक त्रिकोण कल्पिला आणि तो हाती न लागणारा त्रिकोण आहे असे म्हटले. हा प्रपंच संसारासारखाच आहे. घरात माणसे वाढली, पगार तेवढाच राहिला, तर आमटी पातळ होते. आमटी दाट ठेवायची तर कोणाला तरी उपाशी ठेवावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे पगार वाढविणे. कोठारी आयोगाने सांगितले होते की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम १९८५-८६ पर्यंत शिक्षणावर खर्च व्हावी. २०२० च्या शिक्षण धोरणात तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहिलेला आहे, कारण मधल्या काळात तो कधीच गाठला गेला नाही. एवढा दीर्घायुषी आकडा सरकारी कागदांत दुसरा क्वचितच असेल.

येथे कोणी श्रोता म्हणेल, हे सारे पुस्तकी आहे. समान शाळा कोणत्या देशात झाली? झाली आहे. फिनलंडचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचता. त्याच्या स्तुतीचा आता कंटाळा यावा इतके ते नाव घेतले गेले. पण ती गोष्ट कशी घडली हे फारसे कोणी सांगत नाही.

१९६० च्या दशकापर्यंत त्या देशात मुले चार वर्षे लोकशाळेत एकत्र शिकत आणि मग अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांची फाटाफूट होई. ज्यांना जमे ती व्याकरणशाळेत जात, त्यांतल्या पुष्कळ खाजगी आणि फी घेणाऱ्या. तेथूनच विद्यापीठाची वाट होती. बाकीची लोकशाळेतच राहून लवकर कामाला लागत. अकराव्या वर्षी आयुष्याचा निकाल! १९६३ मध्ये त्यांच्या पार्लमेंटने नऊ वर्षांची एकच समान शाळा करण्याचे तत्त्व मान्य केले आणि १९६८ मध्ये कायदा केला. विरोध मोठा होता. हुशार मुलांचे नुकसान होईल, देशाचा दर्जा घसरेल, हीच वाक्ये तेथेही होती. ती कोणत्याही भाषेत सारखीच असतात. पण त्यांनी दोन-तीन गोष्टी फार शहाणपणाने केल्या. पहिली म्हणजे, आरंभ राजधानीत केला नाही. १९७२ मध्ये उत्तरेकडील लॅपलंडमध्ये, जेथे शाळांची सर्वांत टंचाई होती, तेथे केला. आणि दक्षिणेकडे सरकत सरकत १९७७ मध्ये हेलसिंकीच्या परिसरात शेवट केला. आपल्याकडे योजना पुणे-मुंबईत सुरू होते आणि गडचिरोलीला पोहोचेपर्यंत तिचे पैसे संपतात. दुसरी गोष्ट, शिक्षकांचे प्रशिक्षण त्यांनी विद्यापीठांत नेले आणि १९७९ पासून प्राथमिक शिक्षकालाही एम.ए.च्या तोडीची पदवी आवश्यक केली. तिसरी गोष्ट तडजोडीची होती. विरोधकांचे समाधान व्हावे म्हणून गणित आणि परकी भाषा यांत हुशार, मध्यम, मंद अशा तुकड्या त्यांनी चालू ठेवल्या. १९८५ मध्ये त्या बंद केल्या. म्हणजे कायदा झाल्यावरही सतरा वर्षे त्यांना चाळणी सोडवली नाही. दुपारचे मोफत जेवण तर त्यांच्या शाळांत १९४८ पासून होतेच.

२००१ मध्ये आंतरराष्ट्रीय परीक्षेचा पहिला निकाल लागला तेव्हा वाचनात फिनलंड पहिला आला, आणि एका शाळेत नि दुसऱ्या शाळेत तेथे फारच थोडे अंतर आढळले. पुढचे सांगितले नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू. २००० साली त्यांचे वाचनाचे गुण ५४६ होते. २०२२ मध्ये ते ४९० वर आले. घसरणीच्या कारणांबद्दल त्यांच्यातच वाद चालू आहे. शिवाय तो देश केवढा? साऱ्या देशाची वस्ती आपल्या नाशिक जिल्ह्याहून कमी. तेथे आपल्यासारखी जात नाही, बारा कोसांवर बदलणारी भाषा नाही. तेव्हा फिनलंडचे कलम आणून येथे लावा, असे आमचे म्हणणे नाही. एवढेच सांगायचे की, समता आली म्हणून गुणवत्ता बुडाली असे तेथे झाले नाही, आणि ही गोष्ट एका निवडणुकीत होण्यासारखी नव्हती.

आता आपल्या गुणवत्तेकडे वळू. ‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत निघाली. तिच्या पुढाकाराने २००५ पासून खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावतात : एक अक्षर, एक शब्द, एक लहान परिच्छेद, एक गोष्ट. गोष्ट दुसरीच्या पुस्तकातल्यासारखी. २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभरांपैकी साधारण पन्नास मुलांना ती वाचता आली. २०२२ मध्ये, महासाथीच्या बंद शाळांनंतर, त्रेचाळीसांना. पुढे पुन्हा काही सुधारणा दिसली. पण गेल्या दीड दशकात हा आकडा निम्म्याच्या आसपासच घुटमळतो आहे. मुले शाळेत आहेत, पटावर आहेत, खिचडी खात आहेत, पुस्तके फुकट आहेत; आणि पाचव्या इयत्तेतील निम्म्यांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. शाळेत प्रवेश मिळाला पण विद्येत मिळाला नाही. आमच्या मते हा अन्याय उघड दारबंदीपेक्षा वाईट. दार बंद असले की मनुष्य ते ठोठावतो तरी. येथे बाप निश्चिंत असतो की पोरगे शिकते आहे.

याचे कारण मास्तर कामचुकार, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. कामचुकार सगळीकडे असतात. बँकेत आहेत, कचेरीत आहेत. पण एक चांगला मास्तरही काय करतो पाहा. वर्गात चाळीस मुले. पुस्तक पुढे न्यायचे, अभ्यासक्रम संपवायचा, तपासणीला दाखवायचा. जे मूल पहिल्या इयत्तेत अडखळले त्याच्यासाठी थांबायला जागा नाही. दुसरीचे पुस्तक त्याच्या डोक्यावरून जाते, तिसरीचे त्याहून उंचावरून. मूल गप्प बसायला शिकते. गप्प बसलेले मूल शिस्तीचे म्हणून वाखाणले जाते!

यावर एक उपाय आपल्याच भागात तपासून पाहिला गेला. मुंबई आणि बडोदे येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, थोड्या शिकलेल्या तरुण मुली. मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवायचे आणि जेथे मूल अडले तेथून शिकवायचे. मुले सुधारली, सर्वांत मागची सर्वांत अधिक सुधारली. हे प्रयोग मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खर्च अगदी थोडा. पण उपक्रम थांबला तसा लाभही बराचसा ओसरला, हेही त्यांनीच नोंदविले आहे.

येथे एक विसंगती दिसेल. फिनलंडने तुकड्या मोडल्या म्हणून आम्ही त्यांचे कौतुक केले, आणि बालसखी मुलांना वेगळे बसवितात त्याचेही करतो. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. तापाच्या रोग्याला चार दिवस वेगळ्या खोलीत निजवणे आणि त्याला गावकुसाबाहेर घर बांधून देणे, यांत फरक आहे. एक तास वेगळे बसून मूल परत आपल्या वर्गात येते, तोवर ते औषध. ‘ढ’ तुकडीत नाव लागले की मूल परत येत नाही. शिवाय ढ तुकडीत कोणाची मुले असतात, ते नावे वाचली की कळते.

खाजगी शाळांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे एक मोठा प्रयोग झाला. गरीब घरांतील मुलांत चिठ्ठ्या टाकून काहींना फी भरून खाजगी शाळेत पाठविले. चार वर्षांनी पाहिले तर तेलुगू आणि गणित यांत दोन्हीकडची मुले सारखीच. हिंदीत मात्र खाजगीतली पुढे. म्हणजे जी मोठी गुणवत्ता म्हणून आपण फी भरतो, तिच्यातला मोठा वाटा घरून आलेला असतो. मात्र त्याच प्रयोगात असेही दिसले की, त्या खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. सरकारी शाळेच्या कैवाऱ्यांनी, म्हणजे आम्हीही, हे पचवले पाहिजे. अर्थात हा स्वस्तपणा शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून येतो. जोतीरावांचे बारा रुपये आठवावेत. आमच्या राज्यातही २००० सालापासून नव्या शिक्षकाला तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबवायची पद्धत आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षे दरमहा सहा हजार मिळत, ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. डी.एड. झालेली मुलगी सहा हजारांवर सातारहून नंदुरबारला गेली, तर ती खोलीचे भाडे देईल की मुलांसाठी गोष्टीचे पुस्तक घेईल?

२००९ च्या कायद्याने आपल्या पंगतीत एक वेगळे पान मांडले. खाजगी शाळांनी पहिल्या प्रवेशाच्या वर्गात शेकडा पंचवीस जागा आसपासच्या दुर्बल व वंचित घरांतील मुलांना द्याव्यात, खर्च सरकारने भरून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद उचलून धरली. कोठारी आयोगाने श्रीमंताला शेजारशाळेत आणायचे म्हटले होते. या कायद्याने गरिबांतल्या काहींना श्रीमंताच्या शाळेत पाठविले. उलटा मार्ग आहे, आणि सरकारने आपल्या शाळांवरचा विश्वास स्वतःच थोडा सोडल्याची खूणही त्यात आहे. तरी आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. निदान एका बाकावर दोन प्रकारचे डबे उघडतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला : ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला ही पंचवीस टक्क्यांची अट लागणार नाही. शहरात एक किलोमीटरच्या आत नगरपालिकेची शाळा कोठे नाही? म्हणजे शहरांतून ती तरतूद जवळजवळ पुसलीच गेली असती. पालक उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. सरकारने जवळ शाळा आहे असे म्हणावे आणि पालकाने ती नको म्हणून न्यायालयात जावे, यात त्या शाळेची केवढी नाचक्की! त्या काही महिन्यांत तिच्या बाजूने बोलणारा कोणी आम्हांस तरी दिसला नाही.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. वीसांहून कमी पट असलेल्या शाळा मिटवून मोठ्या शाळेत मुले न्यावीत, असा विचार अधूनमधून निघतो. हिशेब बरोबर दिसतो. पण डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर १९५७ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केले? वारली मुले गुरे राखायला जात म्हणून शाळेत येत नसत. त्यांना हजेरीच्या नोटिसा धाडण्यात या बायकांनी वेळ दवडला नाही. शाळाच उचलून गायरानात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. गुरे चरत, मुले शिकत. पटाचा आकडा मोजणाऱ्याला ही शाळा कधीच परवडणार नाही. वाडीपासून ओढ्यापलीकडे गेलेल्या शाळेत मुलगे जातील एखादे वेळी. मुली पावसाळ्यात घरी बसतील, आणि एकदा बसल्या की बसल्या.

आता शेवटची हकीकत. आमच्या घरी काम करणाऱ्या बाई गेल्या वर्षी एके दिवशी म्हणाल्या, “दादा, मला शाळेच्या कमिटीत घेतलंय. वहीवर सही करून आले. काय लिवलंय ते काही वाचलं न्हाई.” २००९ च्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, म्हणून त्यांचे नाव घातलेले. शाळा तीच, आम्ही शिकलो ती. “पुढच्या वक्ताला तुम्ही याल का माझ्यासंगं?” असे त्यांनी विचारले. आम्ही गेलो. साठ वर्षांनी त्या दारातून आत गेलो. कडुलिंबाचे झाड आहे, माठाच्या जागी नळ आहे. मुख्याध्यापिकेने खुर्ची दिली आणि आपण कोण अधिकारी, असे विचारले. शाळेत चार वर्ग आणि शिक्षक दोन. तिसरी जागा दोन वर्षे रिकामी. मुलींच्या संडासाला पाणी नाही. बाईंनी उठून पाण्याचे विचारले. आवाज कापत होता, पण विचारले. ठराव झाला, आम्ही तो वाचून दाखविला, त्यांनी सही केली. पाणी पंधरा दिवसांत आले. शिक्षकाचा अर्ज वर गेलेला आहे. त्याचे उत्तर अद्याप नाही. शाळा जूनमध्ये उघडेल, तेव्हा पुढची बैठक आहे. येथे बसलेल्यांपैकी ज्यांची ती शाळा असेल त्यांनी त्या दिवशी यावे. वेळ मुख्याध्यापिका दारावर लिहून लावतात.